ढेबेंच्या अंगणातला बल्ब

दिवाळी अंकात मी लिहावं हीच एक गंमत आहे. तुम्ही हा अंक हातात घ्याल तेव्हा घरात पणत्या धुऊन वाळत टाकलेल्या असतील, कुणीतरी स्टुलावर चढून आकाशकंदिलाची वायर ओढत असेल. आणि माझा धंदा काय, तर लोकांना दिवे बंद करायला लावायचे. लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं. पावसानं धुऊन काढलेल्या आकाशाची ती पहिली चांगली अमावास्या, आणि नेमक्या त्याच रात्री सगळा मुलूख उजळलेला. मी दरवर्षी चरफडायची. बहिणीनं एकदा विचारलं, "तुला दिवाळी आवडत नाही का गं?" मी म्हटलं, "आवडते, पण पौर्णिमेला घेतली असती तर जास्त आवडली असती."

संपादकांनी फोनवर सांगितलं, आकाशाचे अनुभव लिहा. लिहायला बसले, पण डोळ्यांसमोर आकाश येईना. येतो तो एक बल्ब. भोरहून वरंध घाटाकडे जाताना हिर्डोशी लागतं, त्याच्याही वर डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे, तिथल्या ढेबेंच्या अंगणातला. इतकी वर्षं तो बंद राहावा म्हणून मी धडपडले. मग तो चालू राहावा म्हणून धडपडायला लागले, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. ही त्याचीच गोष्ट आहे. शोभेची नाही, आधीच सांगते.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. भिंगं पुसून ठेवायची, विद्यार्थ्यांनी मोडलेलं जोडायचं, हे काम. त्यातूनच आरसा घासायचं वेड लागलं. जाड काचेच्या दोन तबकड्या एका पिंपावर ठेवायच्या, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी, आणि वरची तबकडी खालचीवर घासत पिंपाभोवती गोल गोल फिरायचं. जात्यावर दळण दळतात तसंच, फक्त इथं पीठ काचेचं. सोळा इंचांचा आरसा व्हायला पावसाळ्यासकट सगळं वर्ष गेलं. घरातल्या भाजीलाही कचकच लागायची म्हणे. त्या आरशाची दुर्बीण उभी केली की माणसाच्या डोक्यावर जाते, टोकाशी डोळा लावायला शिडी लागते. एकदा भोरच्या अलीकडे नाकाबंदीला पोलिसांनी जीप थांबवली. मागचं लांबलचक धूड बघून हवालदार म्हणाले, "ही तोफ कुठं चालवली?" त्यांना तिथंच रस्त्याकडेला दुर्बीण उभी करून गुरू दाखवला. मग त्यांनी चहा पाजला.

पण चंद्र आणि ग्रह हे माझं काम नव्हे. ते गच्चीवरूनही दिसतात. मी दाखवते ते त्यांच्या फार पलीकडचं: ताऱ्यांचे पुंजके, वायूचे ढग, आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या दीर्घिका. त्यांचा उजेड इतका क्षीण असतो की दुर्बीण म्हणजे पावसात ठेवलेलं पातेलं समजा. तोंड रुंद, तेवढं पाणी जास्त. तरी नुसती दुर्बीण मोठी असून भागत नाही. डोळाही अंधाराला सरावावा लागतो, त्याला चांगला अर्धा तास लागतो, आणि कुणी खिशातून मोबाईल काढला की तो सगळा अर्धा तास पाण्यात. म्हणून माझ्या शिबिरात लाल कागद लावलेल्या बॅटरीशिवाय काही पेटवायचं नाही, हा पहिला नियम. तो मोडणाऱ्यावर मी कशी तुटून पडते याच्या कथा पुण्यात सांगितल्या जातात. त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत.

माणसं नाना तऱ्हेची येतात. बहुतेकांनी फोटो पाहिलेले असतात, जांभळे-गुलाबी. शिडीवर चढून डोळा लावतात आणि म्हणतात, "एवढंच?" कारण दिसतो तो राखेचा डाग. मी सांगते, थेट बघू नका, जरा बाजूला बघा. अगदी पुसट वस्तू डोळ्याच्या कडेनं दिसते, सरळ बघितलं की नाहीशी होते. एका गृहस्थांनी बायकोच्या नावानं तारा विकत घेतला होता, कुठल्यातरी कंपनीकडून, प्रमाणपत्रासकट. तो दाखवा म्हणाले. तारे विकायला काढायचा हक्क कुणाला नसतो हे मी सांगणार होते, पण बाई इतक्या नटून आल्या होत्या की एक बरा निळसर तारा बघून दिला दाखवून. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, मुलाला त्रास देणारा शनी यातून जवळून बघितला तर जास्त लागणार तर नाही ना? त्यांना मी शपथेवर सांगितलं, नाही लागणार.

एकदा हौसेनं ही दुर्बीण मी राजस्थानच्या वाळवंटात नेली होती. तिथलं आकाश काय सांगू. दव नाही, ढग नाही, क्षितिजापर्यंत तारे. मैलोन् मैल माणसाची वस्ती नाही, त्यामुळे कुणाला काही म्हणावंही लागत नाही. परत आले आणि ठरवलं की असं वाळवंट आपल्या जवळपास शोधायचं. आधी पानशेतच्या बाजूला जात होतो, पण तिथं आठवड्याच्या सुटीची घरं झाली, मग हॉटेलं, मग झाडांना गुंडाळलेल्या रंगीत माळा. तिथून उठलो ते हिर्डोशीच्या वर येऊन थांबलो. पुण्याचा उजेड डोंगराआड, खाली धरणाचं पाणी, चारी बाजूंनी काळं. मी सगळ्यांना सांगत सुटले, भोर तालुक्यात मला वाळवंट सापडलं. तिथं माणसं राहत होती, ही गोष्ट माझ्या लेखी तेव्हा एक अडचण होती, बस.

ती माणसं म्हणजे ढेबे. चार घरांची वस्ती, शेरडं, म्हशी, पावसाळ्यात भात आणि नाचणी. सगळ्यात वरचं घर धोंडिबा ढेब्यांचं. त्यांना मी भाऊ म्हणायची, त्यांच्या बायकोला, ठकूबाईंना, वहिनी. मुलगा महादू शिरवळला कंपनीत, बायकोमुलांसह तिकडेच. घरासमोर त्यांचं भाताचं खाचर, कापणीनंतर ठणठणीत कोरडं आणि सपाट. दुर्बिणीला याहून चांगली जागा असूच शकत नव्हती. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "वापरा की. रातच्याला काय करायचंय आमाला तिथं?" भाडं म्हटलं तर त्यांना राग आला.

अडचण एकच होती. घराच्या पडवीला, खाचराकडे तोंड करून, एक पिवळा बल्ब. वस्तीला वीज नुकतीच आलेली. विजेच्या खांबासाठी भाऊंनी भोरला किती खेटे घातले ते त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि ते ऐकता ऐकता मी त्या बल्बाकडे बघत होते की हा बंद कसा करायचा. पहिल्याच रात्री विचारलं. भाऊ उठले आणि बटण दाबून आले. "बघा आता, दिसतंय का."

पुढं सांगावं लागलंच नाही. शेवटच्या वळणावर आमच्या जीपचे दिवे दिसले की बल्ब बंद व्हायचा. पाहुणे थक्क व्हायचे. मीही ऐटीत सांगायची, "आमची वस्ती आहे ही, इथं सगळं ठरलेलं आहे." भाऊ घोंगडी पांघरून खाचरात यायचे, सगळ्यांच्या शेवटी शिडी चढायचे. एकदा त्यांना देवयानीतली मोठी दीर्घिका दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "चुलीचा धूर कोंडल्यावाणी दिसतंय. पर बरं हाय." पहाटे तेच किटलीतून चहा आणायचे, आम्ही तो खाचरातच प्यायचो, दवानं भिजलेल्या चादरी गुंडाळायचो आणि उजाडता उजाडता निघायचो. वस्तीत मला "अंधारवाल्या बाई" म्हणायचे. मला ते नाव फार आवडायचं. इतक्या वर्षांत मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

आता गेल्या वर्षीच्या माघातली अमावास्या.

त्याच्या आधीचे दोन महिने आभाळानं दगा दिला होता. शिबिरं रद्द. त्यामुळे यावेळी गर्दी होती, आणि त्यात आमचे एक डॉक्टर, दातांचे. हे गेली काही वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते: मृगातल्या तीन ताऱ्यांपाशी, ज्याला गावाकडे तिकांडं म्हणतात, एक काळा ढग आहे, घोड्याच्या तोंडासारखा. पुसट उजेडाच्या पडद्यावर काळा आकार. आमच्या धंद्यात ही अवघडातली अवघड वस्तू. फोटो ढीगभर आहेत, डोळ्यानं पाहिलेली माणसं मोजकी. मीही तोपर्यंत नीट पाहिला नव्हता. वाटायचं, दिसतोय. मग वाटायचं, मनाचे खेळ.

शेवटच्या वळणावर जीप आली आणि बल्ब चालूच. खाचरात पोचलो, सामान उतरवलं, दुर्बीण जोडली, तरी चालूच. वस्तीवर मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे फोनचा प्रश्न नव्हता. वाटेनं कुणीतरी दोघं-तिघं ढेब्यांच्या घराकडे जाताना दिसली. मला वाटलं, पाहुणे आले असतील. मृग डोक्यावर आला होता, तो काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तो उजेड फार होतोय हो."

मी बांधावर गेले आणि ओरडले, "ओ भाऊ! लाईट!"

थोडा वेळ काही नाही. मग बल्ब गेला.

पाहुणे हसले. मीही हसले. पण डोळे सरावले तसं दिसायला लागलं की घराच्या उघड्या दारातून अजून उजेड येतोय. बल्बाचा नव्हे, मंद, हलता, पिवळा. एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता. पण आम्हाला घोडा बघायचा होता. डॉक्टरांनी आधी डोक्यावर टॉवेल घेऊन बघितलं, मग म्हणाले, "नाही मॅडम, समोरून येतंच आहे." मी पुन्हा बांधावर. यावेळी आवाजात जरा धार होती, ती मला आजही ऐकू येते.

"वहिनी, तेवढं दार लोटून घ्या की! आणि तो दिवा जरा आत!"

दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. काळी आकृती नुसती. मग आत गेलं. दार लागलं. फटीतून एक रेघ उरली होती, तीही जरा वेळानं गेली, आतून कुणीतरी घोंगडी लावली असावी. त्यानंतर जो अंधार झाला तो मी वाळवंटातही पाहिला नव्हता.

आणि घोडा दिसला. आधी मला, मग डॉक्टरांना, मग एकेक करून बहुतेकांना. डोळ्याच्या कडेनं, श्वास रोखून, पण दिसला. काळी मान, काळं तोंड. डॉक्टर शिडीवरून उतरले आणि मटकन खाली बसले. मला इतका आनंद झाला की मी छोटं भाषणच ठोकलं. म्हटलं, हे कुणामुळे? या वस्तीमुळे. आपण म्हणतो खेड्यात काय आहे, तर हे आहे, एका हाकेवर दिवे बंद करणारी माणसं. या लोकांसाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत.

आणि त्या काळोख्या घराकडे तोंड करून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात. एकानं शिट्टीही घातली.

पहाटे चहाची किटली आली नाही. मी म्हटलं, आपणच जावं, काल भाऊ आले नाहीत, आजारी आहेत की काय. अंगणात पाच-सहा बाप्ये बसले होते, टोप्या काढलेल्या. महादू उठून उभा राहिला. त्याचं डोकं तुळतुळीत होतं. मी त्याच्या डोक्याकडे बघत राहिले आणि मला समजलं.

भाऊ दोन दिवसांपूर्वी गेले होते. ताप अंगावर काढला, भोरला न्यायचं ठरेपर्यंत उशीर झाला.

आत गेले. त्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते असं. खाली जमिनीवर, जिथं भाऊंनी जीव सोडला तिथं, पिठावर दिवा ठेवला होता. माणूस गेलं की त्या जागी दहाव्यापर्यंत दिवा ठेवतात, वातीचं तोंड दक्षिणेला करतात आणि तो विझू देत नाहीत. हे मला माहीत होतं. माझ्या वडिलांच्या वेळी मीच रात्री उठून तेल घातलं होतं. ढेब्यांचं दार दक्षिणेला, आणि दारासमोर खाचर, आणि खाचरात आम्ही. दिव्याच्या पुढं भाकरीची पाटी आडवी उभी केलेली होती, पाटीवर घोंगडीचं टोक. वहिनी दिव्याशेजारी बसल्या होत्या.

  आधी बोलल्या त्याच.

"दिव्याचं त्वांड तुमच्याकडंच येत व्हतं ना, मग पाटी लावली आडवी. फिरवता येत न्हाई त्याला."

मी म्हटलं, "वहिनी, मला माहीत नव्हतं."

"आवो, तुमाला कसं म्हाईत आसंल? फोन कुठं लागतोय हितं." मग म्हणाल्या, "वारा कोंडला की बारीक व्हायाचा. पर म्या बसले व्हते रातभर. न्हाई इझला."

मी खाली बघत होते. त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, "दिसलं का पर? नीट दिसलं का?"

दिसलं, असं मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, दिसलंच होतं. आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात चांगलं आकाश मी त्या रात्री पाहिलं, आणि त्यासाठी एका बाईनं नवऱ्याच्या दिव्यापुढं पाटी धरली. अंगणात बसलेल्या बाप्यांनी आमच्या टाळ्या ऐकल्या होत्या. त्यांच्यातून जाताना मला त्यांच्या पायांकडेही बघवत नव्हतं, वर बघणं तर दूरच. जीपमध्ये डॉक्टर घोड्याबद्दल बोलत होते. मी त्यांना गप्प बसा म्हटलं, फार वाईट स्वरात. त्यांनाही बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं.

दहाव्याला जायला हवं होतं. गेले नाही. स्वतःला सांगितलं की त्यांना अवघडल्यासारखं होईल. अवघडलेली मी होते. पुढची शिबिरं रद्द केली, आरशावर कापड घालून दुर्बीण पेटीत ठेवली, लोकांना सांगितलं गुडघे दुखतात. मग पाऊस आला, आणि पावसात आमचा धंदा तसाही बंद. मनाशी म्हटलं, आता तिकडे फिरकायचंच नाही. निदान त्या घराला माझा त्रास नको.

त्रास संपला नव्हता. गेल्या दसऱ्याच्या पुढंमागं महादूचा फोन आला. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही.

"बाई, तुमी येनार हायसा का न्हाई, ते आईला येकदा सांगा."

मी म्हटलं, "का रे? काय झालं?"

"बिबट्या फिरतोय वस्तीवं. मागल्या अवसेला गोठ्यातनं करडू नेलं. आईला म्हनलं, लाईट चालू ठिव रातभर, उजेडाला त्यो येत न्हाई. रोज ठिवती. पर अवस आली की दिवस मावळायच्या आत बंद करून बसती. का, तर बाई येतील अवचित. म्या म्हनलं, आगं न्हाई येत त्या आता. तर म्हनती, तुज्या बापानं सांगितलंय, गाडी दिसल्यावं पळापळ नको, आदीच बंद ठिवायचा." मग म्हणाला, "येकटीच आसती वो ती. शिरवळला चल म्हनलं तर येत न्हाई. तुमी सांगितल्यालं ऐकंल."

मी गेले नाही म्हणून त्यांचा दिवा लागेल, असं मला वाटत होतं. मी गेले नाही म्हणून तो प्रत्येक अमावास्येला बंद राहिला होता. भर पावसाळ्यातही, आभाळात बोटभर जागा रिकामी नसताना. बंद बल्बाखाली ती बाई माझी वाट बघत बसली होती आणि मी पुण्यात गुडघे दुखत असल्याचं नाटक करत होते. माघातल्या त्या रात्रीची लाज मला वाटतच होती. ही त्याहून जास्त वाटली, कारण त्या रात्री मला माहीत नव्हतं असं निदान म्हणता येतं.

पुढची अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. माणूस गेल्यानंतरचा पहिला मोठा सण दुखवट्याचा असतो. घरात गोडधोड करत नाहीत, कंदील लावत नाहीत, सोयरेधायरेच डबा घेऊन येतात, बसून जातात. म्हटलं, हेच निमित्त. दुपारीच पुण्याहून निघाले. सोबत लाडूंचा डबा आणि वहिनींसाठी एक शाल. भाटघर मागे पडलं, भोरच्या बाजारात झेंडूचे ढीग, माणसांची झुंबड. हिर्डोशीच्या पुढे रस्ता रिकामा झाला. मी मनात वाक्यं जुळवत होते. वहिनी, बल्ब चालू ठेवा. आम्ही कधी आलो तरी चालू ठेवा. मला अंधार नको.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे जीप उभी केली. मुद्दाम. गाडीचे दिवे दिसले की बल्ब जाणार, म्हणून चालतच जायचं ठरवलं होतं. दिवस मावळून गेला होता. वळण घेतलं आणि वर बघितलं.

बल्ब चालू होता.

खालच्या तीन घरांना कंदील लागले होते, दारात पणत्या. वरच्या घराला पणती नाही, कंदील नाही, फक्त तो एक पिवळा बल्ब. सणामुळे असेल, महादू आला असेल, काही असेल. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच उभी राहून बघत राहिले. आजवर त्या बल्बाकडे मी प्रेमानं कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या उजेडात गोठ्याची कुडाची भिंत दिसत होती, दावणीच्या म्हशीची पाठ दिसत होती, अंगणात सारवलेलं दिसत होतं.

मी चढ चढायला लागले. पायाखाली दगड गडगडला. कुत्रं भुंकलं.

आणि बल्ब गेला.

मी थबकले. वर सगळं काळं. कुत्र्याला कुणीतरी हड् म्हणून गप्प केलं. मग अंधारातून वहिनींचा आवाज आला, आनंदानं भरलेला.

"या, बाई, या! केलाय बंद. महादू म्हनला येत न्हाईत, म्हून लावला व्हता. या सावकाश."

मी अंदाजानं अंगणापर्यंत गेले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"मानसं मागनं येत्यात का?" त्यांनी विचारलं. "खाचार मोकळंच हाय. आवंदा कापणी लवकर उरकून घेतली, म्हनलं तुमाला जागा लागंल."

"माणसं नाहीत वहिनी. मी एकटीच आहे."

"आन् दुर्बीन?"

"दुर्बीण नाही आणली."

 अंधारात त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. जुळवलेली वाक्यं तोंडापर्यंत आली होती, पण त्याआधी त्यांनीच विचारलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"दुर्बीन न्हाई? मंग कशापायी आलासा?"

 शाल आणि लाडूंचा डबा हातात होता, पण इतक्या वर्षांनंतर तुम्हाला भेटायला आले म्हणायची जीभ होईना. भाऊंच्या दुखवट्याला, तेही आठ महिन्यांनी. शेवटी म्हटलं, "तुमच्याकडेच आलेय, वहिनी. बसायला."

"आमच्याकडं?" त्या म्हणाल्या. आणि मग माझा हात सोडून लगबगीनं पडवीकडे गेल्या. "आवो, मंग आंधारात कशाला हुबं ऱ्हायचं? थांबा, लाईट लावते. त्वांड तरी बगू द्या तुमचं."

बटण वाजलं. उजेड माझ्या डोळ्यांत गेला. वहिनी पडवीत उभ्या राहून हसून माझ्याकडे बघत होत्या, आणि मला मान वर करून त्यांच्याकडे बघता येईना.